खच्चराचं काय झालं

गेल्या महिन्यात माझी नात ईशा मला यवतमाळच्या नव्या टॉकीजमध्ये घेऊन गेली. टॉकीज म्हटलं की ती हसते, पण नवे शब्द तोंडात बसवून घ्यायचं माझं वय आता राहिलेलं नाही. मऊ खुर्च्या, पाय पसरायला ऐसपैस जागा, आणि आत गारठा असा की पिक्चर सुरू होईपर्यंत माझी शाल मांडीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून डोक्यावर गेली. मी सतरा वर्षांची असताना एका इंग्रजी सिनेमाचा तिसरा भाग दिग्रसला लागला होता, त्याचाच हा पाचवा. नकाशा घेऊन खजिने शोधत हिंडणारा तोच माणूस, आमचा नकाशेवाला, आणि तोच नट. आता पार म्हातारा झालेला, जिना चढताना गुडघा धरणारा, आणि पुढच्याच मिनिटाला धबधब्यावरून उडी मारणारा. ती उडी त्याची नव्हे हे कळायला शहाणपण लागत नाही. बाहेर आल्यावर ईशानं विचारलं, "आजी, मजा आली का? मैत्रिणी विचारून राह्यल्या, जाऊ का नको म्हणून. काय सांगू त्याहिले?" प्रश्न साधाच होता. पण मी तिथल्या पायरीवर बसले. या प्रश्नाचं उत्तर गावाला देणं हे आमच्या घरचं काम होतं. ते मीही काही दिवस केलं, आणि एकदा जाणूनबुजून चुकीचं केलं.

माझ्या वडिलांचं नाव वामन. दिग्रसमध्ये त्यांना वामन भोंगेवाला म्हणत. टॉकीजची एक सायकलरिक्षा होती. तिच्या दोन्ही बाजूंना पोस्टर लावलेल्या फळ्या, वर भोंगा, आत बॅटरी आणि माइक घेऊन बसलेले बाबा. रिक्षा ओढायचे रहीमचाचा. दोघांची जोडी अशी होती की बाबा बोलायचे आणि चाचा चूप, आणि रिक्षा थांबली की चाचा बोलायचे आणि बाबा चूप. आमचं घर जिनिंगच्या मागे, दोन खोल्यांचं. माय त्याच जिनिंगमध्ये कापूस साफ करायला जायची. हंगामात बंड्यांची रांग आमच्या दारापर्यंत यायची, बैलांच्या घंटा आणि गाडीवानांच्या शिव्या दोन्ही चोवीस तास ऐकू येत. यंत्रांची घरघर इतकी सवयीची झाली होती की ती बंद पडली तर मी झोपेतून जागी व्हायचे. माठातल्या पाण्यावर कापसाचे तंतू तरंगत. माय बोटानं ते बाजूला करून पाणी द्यायची आणि म्हणायची, "पोटात गेले तं गादी होईल तुही." तिच्या केसांतही ते अडकलेले असत. मला लहानपणी वाटायचं की कामाला जाणाऱ्या सगळ्याच बायांचे केस पांढरे असतात.

दिग्रसला इंग्रजी सिनेमा यायचा तो इंग्रजीतच. तो कळणारी माणसं गावात दोन-चार असतील, त्यात आम्ही कोणी नव्हतो. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. पण पहिल्या दिवशीचा तीनचा खेळ ते नेमानं बघायचे. न पाहता बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. पडद्यावर जे दिसेल त्यावरून ते गोष्ट जुळवायचे आणि दुसऱ्या दिवशी भोंग्यावरून गावाला सांगायचे, आपल्या बोलीत. लोक ती ऐकून ठेवायचे आणि मगच तिकीट काढायचे, म्हणजे आत बसल्यावर कोण कोणाचा काय लागतो ते ठाऊक असे. त्यांची गोष्ट खरी असायची का? पुढे मोठेपणी मी या मालिकेचा पहिला भाग खाली मराठी अक्षरं असलेला पाहिला. बाबांनी ज्याला नकाशेवाल्याचा मेव्हणा म्हणून सांगितलं होतं तो मेव्हणा नव्हताच, तो पोलीस होता. सबंध दिग्रस तालुका त्या पोलिसाला मेव्हणा समजून हसला होता. खरं सांगते, बाबांची गोष्ट जास्त चांगली होती.

आणखी एक गोष्ट होती, जी बाहेरच्या माणसाला कळत नसे. बोलणं संपवताना बाबा दोनपैकी एक वाक्य म्हणायचे. सिनेमा चांगला असला तर, "लेकराबाळाले घेऊन या हो!" आणि चांगला नसला तर, "ज्याले वेळ हाये त्यानं या." बस. वाईट आहे असं कुठे म्हटलं? टॉकीजचे शेठ बोट ठेवणार कशावर? पण गावाला बरोबर कळायचं. बाबांची रिक्षा येताना दिसली की मिरची कांडणाऱ्या बाया मुसळ थांबवायच्या आणि शेवटचं वाक्य ऐकूनच पुन्हा कांडायला लागायच्या. भाकरी थापताना मायसुद्धा कान देऊन असायची. बाहेरगावची एक आत्या एकदा म्हणाली, "तुह्या नवऱ्याचा धंदा तं नुसता वरडायचा." माय म्हणाली, "वरडते, पण खोटं नाई वरडत." यापलीकडे मायनं बाबांची स्तुती केलेली मी ऐकलेली नाही.

नकाशेवाल्याचा पहिला भाग आला तेव्हा मी अकराची असेन. त्यात त्या माणसाबरोबर एक खच्चर होतं. करड्या रंगाचं, एक कान मोडलेलं, मनाला येईल तेव्हा बसकण मारणारं. तो तोंडात दोन बोटं घालून शीळ घालायचा, की ते कुठूनही येऊन उभं राहायचं. दिग्रसनं नट बाजूला ठेवला आणि खच्चराला डोक्यावर घेतलं. बाबा तर त्याला कामाचा माणूस समजायचे. म्हणायचे, "नकाशा त्याच्यापाशी असन, पण वाट खच्चराले ठाऊक हाये." दुसरा भाग मी तेरा-चौदाची असताना आला. त्याच्या शेवटी नदीला पूर येतो, नकाशेवाला दोराला धरून पलीकडे जातो आणि खच्चर अलीकडच्या काठावर राहतं. तो शीळ घालतो, ते पाण्याजवळ येतं, मागे जातं, पुन्हा येतं. तिथेच दिवे लागले. लोक उठेचनात. घरी आल्यावर बाबांनी जेवताना एकदम विचारलं, "मंग त्या खच्चराचं काय झालं असन?" पुढची तीन वर्षं हा प्रश्न आमच्या घरात होता. भाजीत मीठ कमी असलं तरी माय म्हणायची, "खच्चराची काळजी करत होती, राह्यलं मीठ." तिसरा भाग येणार असं कळलं की बाबा शेठना विचारून येत. दर वेळी अफवाच निघायची.

त्या तीन वर्षांत बाबांचा घसा गेला. आधी आवाज जाडा झाला, मग फाटला. सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात ठेवून तासन् तास बोलणारा माणूस, दुसरं काय होणार होतं हे आज मला कळतं. तेव्हा आम्ही हळदीचं दूध देत होतो आणि ज्येष्ठमधाच्या काड्या चघळायला लावत होतो. नागपूरला ऑपरेशन झालं. परत आले तेव्हा गळ्यापाशी पट्टी होती आणि आवाज नव्हता. कमी झाला असं नाही, मुळीच नव्हता. माझी शाळेतली पाटी त्यांच्या खाटेवर आली. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या तेवढ्या गिळता येत. त्याही अर्ध्या वाटीनंतर नको म्हणत. ते पाटीवर दोन शब्द लिहायचे, आम्ही वाचलं की तळहातानं पुसायचे, आणि तो हात धोतराला पुसायचे. धोतराची एक बाजू कायम राखाडी दिसायची. त्यांचा आवाज आता मला नीट आठवत नाही. भोंग्यातला आठवतो, घरातला आठवत नाही. याचं दुःख मला त्यांच्या जाण्याइतकंच आहे.

रिक्षावर मी बसू लागले ते शेठच्या सांगण्यावरून नव्हे, रहीमचाचांच्या. "पोरीचा आवाज बापासारखाच हाये, मी घेऊन जातो तिले," असं चाचांनीच टॉकीजमध्ये सांगितलं. दिग्रसच्या रस्त्यानं पोरगी भोंग्यावर बोलत जाते म्हणून चार दिवस बोलणी झाली, मग लोक विसरले. बाबांनी मला एवढंच लिहून दिलं होतं: पाहून बोल. पुसलं, आणि पुन्हा तेच लिहिलं.

आणि मग नकाशेवाला आला. तिसरा भाग. पोस्टर घरी आणून मी बाबांना दाखवलं. त्यांनी ते उशाशी ठेवून घेतलं आणि बोटानं कुठे खच्चर दिसतं का ते शोधलं. दिसलं नाही. पोस्टरवर सगळं मावत नाही, मी म्हणाले. मला न्या, असं त्यांनी खुणेनं सांगितलं तर मायनं चक्क दार अडवलं. डॉक्टरांनी धूळ-धूर टाळायला सांगितलं होतं, आणि दारापासून कोपऱ्यापर्यंत चाललं तरी त्यांना धाप लागत होती. माय कामावर गेली, आणि मी तीनच्या खेळाला एकटी गेले.

त्या सिनेमाबद्दल काय लिहू? पुन्हा तोच लोंबता पूल आणि तेच दोर कापणं. तीच गुहा, फक्त यावेळी दिवे जास्त. पहिल्या भागातले विनोद पुन्हा केले होते आणि नट ते करताना स्वतःच कंटाळलेला दिसत होता. त्याच्याकडे एक जीप आली होती. खच्चर नव्हतं. मी शेवटपर्यंत वाट पाहिली. ते मेलं का, वाहून गेलं का, कोणी पाळलं का, त्याचं कोणी नावही काढलं नाही. ते कधी नव्हतंच असं धरून सगळे वागत होते. माझ्या पुढची बाई मध्येच उठून गेली. मी हसले नाही आणि घाबरलेही नाही, नुसती जीपकडे पाहत बसले.

घरी आले तेव्हा दिवे लागायचे होते. बाबा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, अंगात बाहेर जायचा सदरा, आणि धाप इतकी लागलेली की मी आधी पाणी दिलं. सदरा मायनं मधल्या सुट्टीत येऊन घातला असेल असं वाटलं. त्यांनी पाटी घेतली आणि एकच शब्द लिहिला: खच्चर? मी त्या अक्षरांकडे पाहिलं. ती वाकडी आली होती. मी म्हणाले, "हाये बाबा. खच्चरच तं हाये सगळ्या पिक्चरात."

एकदा म्हटल्यावर मागे कसं फिरणार? मी खाटेजवळ जमिनीवर बसले आणि सांगत गेले. पूर ओसरेपर्यंत खच्चर काठावरून हललं नाही. मग ते नदी धरून वर गेलं, जिथे पाणी गुडघाभर होतं तिथून उतरलं, आणि एका गावात एका म्हातारीच्या अंगणात येऊन बसलं. म्हातारी कडबा घालायची, ते तोंड लावत नव्हतं. इकडे नकाशेवाला खजिना सोडून त्याला शोधत निघाला. वाळवंटातल्या उन्हानं त्याचा घसा सुकून गेला. त्या गावाच्या वेशीवर आला, तोंडात बोटं घातली, तर शीळच निघेना. नुसती हवा. त्याला वाटलं, आता हे कसं येणार? तो परत फिरला. आणि खच्चर उठलं, बाबा. दावं तोडून आलं. म्हातारी म्हणाली, अरे, याले आवाज तं आलाच नाई. खच्चरानं त्याची चाल ओळखली होती. बाबा हसत होते. आवाज नसलेलं हसू, खांदे हलणारं. डोळ्यांतून पाणी गालावर आलं ते त्यांनी पुसलं नाही. मग पाटी घेऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं: लेकराबाळाले घेऊन या.

इथेच माझी अडचण झाली. रिक्षा आमच्या दारावरून जायची, आणि बाबा खाटेवरून सगळं ऐकायचे. दुसऱ्या दिवशी भोंग्यावर खरं बोलले असते तर त्यांना कळलं असतं की काल पोरीनं आपल्याला फसवलं, आणि खच्चर नाहीच. त्यांची ती तीन वर्षांची वाट अशी संपवायची माझी हिंमत झाली नाही. मी आमच्या दारापासूनच सुरुवात केली. खच्चराची सगळी गोष्ट सांगितली, आणि शेवटी बाबांच्याच सुरात म्हणाले, "लेकराबाळाले घेऊन या हो!" मग ते प्रत्येक चौकात म्हटलं, कारण एका गल्लीत एक आणि दुसऱ्या गल्लीत दुसरं बोलता येत नाही, गाव तेवढं मोठं नव्हतं. रहीमचाचांनी एकदा मागे वळून पाहिलं. मग पुन्हा पायडल मारायला लागले.

लोक आले. बाया मुलांना घेऊन आल्या, खेड्यांवरून बंड्या भरून आल्या. दोन दिवस टॉकीज भरली आणि तिसऱ्या दिवशी रिकामी पडली. चौथ्या दिवशी मिरचीवाल्या बायांपैकी एकीनं रिक्षा अडवली. शिवी दिली असती तर मी सोसलं असतं. तिनं शांतपणे विचारलं, "कुठं हाये वो खच्चर? माह्या पोरानं आखरीपर्यंत इचारलं. तुह्या बापानं आमाले कधी असं नाई केलं." मी मान खाली घातली. त्यानंतर माझा भोंगा वाजला की मुसळं थांबत नसत. बाबा पुढच्याच महिन्यात गेले. त्यांना यातलं काही कळलं नाही, हे एकच समाधान मी जवळ ठेवलं. आणि त्यांच्या आयुष्यभराच्या शब्दाची मी आठवड्यात माती केली, हे दुसरं, जे ठेवायची इच्छा नव्हती तरी राहिलं. मी पुन्हा माइक हातात घेतला नाही. नर्सिंगला गेले, यवतमाळची झाले. दवाखान्यात नातेवाईक विचारायचे, "सिस्टर, बरा होईल ना?" तेव्हा मी कधी खोटं बोलले नाही. कठोर बाई म्हणून माझं नाव होतं.

मायच्या मागे घराचं काहीबाही आवरायला मी दिग्रसला गेले होते, तेव्हा स्टँडवर रहीमचाचा भेटले. पार थकलेले, नातवाच्या दुकानात बसून असायचे. चहा मागवला. मी बाबांचा विषय काढला आणि इतकी वर्षं मनात होतं ते बोलून टाकलं, की चाचा, बरं झालं, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. चाचांनी कप खाली ठेवला.

"बेटी, त्यानं पाह्यलता तो पिक्चर."

"कधी?" मी विचारलं.

"तू गेल्यावर मीच नेलतं त्याले रिक्षात. आपरेटरच्या खोलीत बसवलं, भोकातून पाहाले. मले खुणेनं सांगतलं होतं त्यानं, न पाहता कसं चालन म्हणून. पिक्चर कमी पाह्यला, तुलेच जास्त पाहे खाली. तू हसली नाई ते पाह्यलं त्यानं. संपायच्या आधी घरी आणून सोडलं."

म्हणजे तो सदरा. ती धाप. "मग मले काहून इचारलं त्याहिनं?" मी म्हणाले. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून आपली बोली आली. "खच्चर नाई हे ठाऊक होतं, तरी काहून इचारलं?"

"ते मले नाई माहीत. पण दुसऱ्या रोजी तू दारावरून बोलत गेली ना, मी सांजच्याले त्याच्यापाशी आलतो. म्हतलं, वामनभाऊ, पोरगी तं खोटं बोलून राह्यली गावभर, तुहं नाव खराब होईन, थांबवू का? त्यानं पाटी घेतली." चाचांना वाचता येत नव्हतं, ती पाटी त्यांनी कोपऱ्यावरच्या मास्तरांकडून वाचून घेतली होती, आणि म्हणूनच शब्द न् शब्द पाठ होता. "लिहिलं होतं, माह्यासाठी बोलून राह्यली. बोलू दे. मंग खुणेनंच माह्याकडून कसम घेतली, तुले सांगायचं नाई म्हणून. आज मोडली."

चहा तसाच राहिला. मला वाटत होतं की मी त्यांना एक खोटा सिनेमा देऊन त्यांचं नाव गुपचूप खर्चून टाकलं. ते नाव त्यांनी स्वतः, सगळं पाहून, माझ्या हातात ठेवलं होतं. मग ते हसले ते खच्चरासाठी की माझ्यासाठी, आणि पाटीवर "खच्चर?" असं त्यांनी का विचारलं, याचं उत्तर मी आजही शोधते. कधी वाटतं, त्यांना पाहायचं होतं की पोरगी नियम पाळते का. कधी वाटतं, पडद्यावर न मिळालेलं त्यांना कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडात आता आवाज नव्हता.

तर गेल्या महिन्यातला हा पाचवा भाग. सिनेमा सुमार आहे. पळापळ फार, जीव नाही. म्हाताऱ्या माणसाला उगाच धावायला लावलं आहे. पण शेवटाकडे तो एका टेकडीवर उभा राहतो, तोंडात दोन बोटं घालतो आणि शीळ घालतो, आणि धुक्यातून मोडक्या कानाचं करडं खच्चर येतं. ते खरं नाही, यंत्रावर काढलेलं आहे, असं ईशानं मला नंतर समजावलं. दोन मिनिटंच येतं. माझ्या आसपासची मुलं मोबाइल पाहत होती. मी मात्र शालीत तोंड घालून हमसाहमशी रडले. चाळीसहून जास्त वर्षं उशिरा आलं बापडं, आणि विचारणारा माणूस नाही.

"आजी, खच्चर पाहून कोणी रडते काय?" पायरीवर माझ्याजवळ बसत ईशा म्हणाली. "आणि सांग ना, मैत्रिणीहिले काय सांगू?"

मी डोळे पुसले. तिला म्हटलं, आधी मोबाइल ठेव, नीट ऐक. मग उभी राहिले, घसा साफ केला, आणि टॉकीजच्या पायरीवर, येणारे-जाणारे थांबून पाहतील एवढ्या मोठ्यानं, बाबांच्या सुरात, दिग्रसच्या चौकाचौकात माझ्याकडून राहून गेलेलं ते वाक्य म्हटलं:

"ज्याले वेळ हाये त्यानं या."